उतारवयांतील बळाची मशागत

या मासिकाच्या पानांतून बी-बियाणें, खतें, पाटपाणी, पिकांवरील रोग व जनावरांची निगा या विषयांवर नेहमीं लेख येत असतात, आणि तें योग्यच आहे. परंतु जो हें सर्व करतो किंवा दुसऱ्यांकडून करवून घेतो, त्या खातेदाराच्या स्वतःच्या शरीराची निगा हा विषय मात्र दवाखान्याची पायरी चढण्याची पाळी येईपर्यंत आपल्या मनांत येत नाहीं. बैल उठतां-बसतां कुंथूं लागला, तर आपण त्याच दिवशीं त्याचे पाय तपासतों. आपण स्वतः भुईवरून उठतांना हात टेकूं लागलों, तर ‘वय झालें’ असें म्हणून गप्प बसतों.

प्रस्तुत लेखांत आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे कीं, हें ‘वय झालें’ म्हणणें निम्में खरें आणि निम्में खोटें आहे. वयाबरोबर बळ घटतें हें खरें. परंतु घटलेलें बळ परत मिळत नाहीं हें खोटें. साठीनंतर, सत्तरीनंतर, किंबहुना नव्वदीनंतरहि तें बऱ्याच अंशीं परत मिळवितां येतें. मात्र त्याची एक रीत आहे, व ती रीत जमिनीच्या मशागतीप्रमाणेंच क्रमानें व नेमानें पाळावी लागते.

बळ गेल्यानें काय जातें

आमचें बहुतेक आयुष्य महसुली दप्तरांत गेलें, आणि वारसनोंदीचे अर्ज आमच्या हातांखालून पुष्कळ गेले. अर्जांत मृत्यूची तारीख असते. तो कशानें आला हें लिहिण्याचें कारण नसतें. पण अर्ज घेऊन आलेला मुलगा बाकावर टेकला कीं आपण होऊन बोलूं लागतो. ‘आबा न्हाणींत घसरले, खुब्याचें हाड मोडलें, आणि तेव्हांपासून अंथरुणावरच होते,’ हें बोलणें आम्हीं इतक्या वेळां ऐकलें कीं पुढें पुढें त्याचें नवल वाटेनासें झालें. नवल वाटावयास हवें होतें, असें आज वाटतें. वृद्धाचें खुब्याचें हाड मोडल्यास वर्षाच्या आंत सुमारें पांचांपैकीं एकाचा, कोठें कोठें त्याहून अधिकांचा, मृत्यु होतो. आणि जे वांचतात त्यांपैकीं पुष्कळांचें चालणें पूर्ववत् होत नाहीं. घसरणें हें निमित्त खरें. पण ज्याच्या मांड्यांत बळ आहे तो घसरतांना सांवरतो, ज्याच्या मांड्यांत तें नाहीं तो पडतो.

मरणाची गोष्ट बाजूस ठेवली तरी आणखी एक हानि आहे, ती जमीनधारकासच विशेष जाणवते. ज्याला बांधापर्यंत जातां येत नाहीं, तो सातबाऱ्यावर मालक असतो. परंतु काय पेरावें, वाटा कोणास द्यावा, विहिरीचें पाणी कोणत्या दिवशीं कोणी घ्यावें, हें सर्व दुसरे ठरवितात. बांधाचा दगड जागचा हलला कीं काय, हें तो पाहूं शकत नाहीं. सांगतील तें ऐकतो. आमच्या पाहण्यांत अशीं पुष्कळ माणसें आलीं, कीं ज्यांची बुद्धि शाबूत, व्यवहार चोख, वाणी खणखणीत. केवळ पाय गेल्यामुळें तीं आपल्याच घरांत पाहुण्यासारखीं झालीं.

शेतांत राबणाऱ्यास व्यायाम कशाला?

‘आमचा जन्म शेतांत गेला, आम्हांला आणखी व्यायाम कसला?’ असा प्रश्न वाचकांच्या मनांत आला असेल. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचें उत्तर नीट दिलें पाहिजे.

पहिली गोष्ट अशी कीं, आतां आपण पूर्वीइतके राबत नाहीं. मोटेची जागा पंपानें घेतली, नांगराची ट्रॅक्टरानें, खळ्यावरील पातीची मळणीयंत्रानें. जें अवजड काम उरलें आहे तें मजूर किंवा तरुण मुलगे करतात. साठीच्या खातेदाराकडे राहतें तें फिरणें, पाहणें आणि सांगणें. दुसरी गोष्ट अशी कीं, जें काम आपण हातानें करतों तें वर्षानुवर्षें त्याच वजनाचें असतें. खुरपें जड होत नाहीं, बादली मोठी होत नाहीं. आणि शरीर तर मोठें हिशेबी आहे, तें लागेल तेवढेंच बळ बाळगतें, अधिक ठेवीत नाहीं. तिसरी गोष्ट, शेतकाम हंगामी व एकांगी असतें. कापणीच्या पंधरवड्यांत कंबर मोडेस्तोंवर वांकावयाचें आणि मग दोन महिने ओसरीवर बसावयाचें, यानें पाठ शिणते. मांड्यांत बळ येत नाहीं. शिणणें वेगळें आणि बळ येणें वेगळें, हा भेद ध्यानांत घेतल्यावांचून पुढील विवेचन समजणार नाहीं.

चालण्याविषयींहि असेंच आहे. रोज मैल-दोन मैल चालणें हृदयास व फुफ्फुसांस उत्तम, मधुमेह्यास हितकर, आणि तें कोणीहि सोडूं नये. परंतु सपाट वाटेवर चालल्यानें स्नायूंचें बळ फारसें वाढत नाहीं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनांत, पासष्ट वर्षांवरील मनुष्यानें आठवड्यांतून निदान १५० मिनिटें चालण्यासारखा व्यायाम करावा, एवढें सांगून न थांबतां, आठवड्यांतून निदान दोन दिवस स्नायूंना बळ आणणारा व्यायाम करावा आणि तीन दिवस तोल व बळ या दोहोंचा अभ्यास करावा, असें स्वतंत्रपणें सांगितलें आहे.

शरीरांत काय घडतें

तिशी-चाळिशीनंतर दर दहा वर्षांस शरीरांतील स्नायूंचा सुमारें ३ ते ८ टक्के भाग झिजतो, व साठीनंतर ही झीज वेग घेते. बळ तर स्नायूंच्या आकारापेक्षांहि लवकर घटतें. कारण स्नायूंतील जे तंतु झटक्यानें काम करतात ते आधीं जातात, आणि त्यांना हुकूम पोंचविणाऱ्या मज्जातंतूंचीहि संख्या कमी होते. ठेंच लागल्यावर दुसरा पाय चटकन पुढें टाकून सांवरणें, हें याच जलद तंतूंचें काम होय. या झिजेस शास्त्रज्ञांनीं १९८९ सालीं ‘सार्कोपेनिया’ असें नांव दिलें. नांव नवें असलें तरी वस्तु जुनीच आहे. आपण तिला ‘अंग उतरणें’ म्हणतों.

आपली झीज किती झाली हें पाहण्यास यंत्र नको. गुडघ्याइतक्या उंचीच्या मजबूत खुर्चीवर बसावें, दोन्ही हात छातीवर घडी करून ठेवावे, आणि न थांबतां पांच वेळां पुरतें उभें राहून पुन्हां बसावें. यास १५ सेकंदांहून अधिक वेळ लागला, किंवा हात टेकल्यावांचून उठतांच आलें नाहीं, तर मांड्यांचें बळ कमी झालें असें समजावें. नातवास घड्याळ घेऊन समोर बसवावें आणि जो आंकडा येईल तो वहींत लिहून ठेवावा. पुढें तुलनेस तो उपयोगीं पडेल.

दूरदेशींचे प्रयोग

ओझें हळूहळू वाढवीत गेल्यानें बळ वाढतें, ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीं सहाव्या शतकांत दक्षिण इटलींतील क्रोटोन या ग्रीक वसाहतींत मायलो नांवाचा मल्ल होऊन गेला. तो एक वासरूं रोज खांद्यावर घेऊन चालत असे. वासरूं वाढत गेलें तसें त्याचें बळहि वाढत गेलें, आणि शेवटीं तो अंगांत भरलेला बैल उचलूं लागला, अशी आख्यायिका आहे. बैल कोणी पाहिला असो वा नसो, तत्त्व खरें आहे. तेंच तत्त्व १९४५ सालीं थॉमस डिलोर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरानें जायबंदी सैनिकांच्या दुबळ्या झालेल्या पायांसाठीं शास्त्रीय रीतीनें मांडलें.

परंतु वृद्धांस तें लागू पडेल कीं नाहीं, याविषयीं वैद्यांस शंका होती. ती शंका १९९० सालीं फिटली. बोस्टन येथील एका वृद्धाश्रमांत डॉ. मारिया फियाटरोने व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ८६ ते ९६ वर्षांच्या दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा ओझ्याचा व्यायाम करविला. नऊ जणांनीं तो पुरा केला. त्यांचें बळ सरासरीनें १७४ टक्क्यांनीं वाढलें, म्हणजे पूर्वीच्या जवळजवळ पावणेतीनपट झालें. आणि दोघांनीं चालतांना काठी वापरणें सोडलें. पुढें १९९४ सालीं याच मंडळींनीं शंभर वृद्धांवर दहा आठवड्यांचा प्रयोग केला. त्यांत व्यायाम करणाऱ्यांचें बळ दुपटीहून अधिक झालें. ज्यांना व्यायामावांचून नुसतें पौष्टिक पेय दिलें त्यांना मात्र कांहींच लाभ झाला नाहीं. न्यूझीलंडमध्यें ओटागो विद्यापीठांतील तज्ज्ञांनीं घरच्या घरीं करण्याजोगा बळ व तोल यांचा क्रम वृद्धांसाठीं आंखला. त्यायोगें पडण्याचें प्रमाण सुमारें एकतृतीयांशानें कमी झालें.

आपल्याकडे बलोपासना नवी नाहीं. गांवोगांवच्या तालमी, जोर-बैठका, मुद्गल, नाल उचलणें, हें सर्व आपलेंच आहे. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, आणि अमरावतीस १९१४ सालीं स्थापन झालेलें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आजहि चालू आहे. फक्त आपण असें धरून चालतों कीं तालीम ही पोरासोरांची, आणि संसार लागला कीं ती सुटावयाचीच. खरें पाहतां तिची गरज साठीच्या मनुष्यास विशीच्या मनुष्याहून अधिक आहे.

आमची चूक

येथें आमचा अनुभव सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. नोकरी संपल्यावर आम्हीं हा मार्ग धरला तो प्रथम चुकीच्याच बाजूनें. लहानपणीं तालमींत बैठका काढल्या होत्या. त्या आठवणीच्या जोरावर पहिल्याच दिवशीं पन्नास बैठका मारल्या. दोन दिवस जिना उतरवेना, आणि उजवा गुडघा तीन आठवडे सुजून राहिला. बळ गेलें होतें, आठवण तेवढी राहिली होती. मग खुर्चीवरून सहा वेळां ऊठबस, एवढ्यावर आलों व तेथून क्रमानें चढलों. चवथ्या महिन्यांत एका पंगतींत जेवून उठतांना हात टेकला नाहीं, हें पान ओलांडून गेल्यावर ध्यानांत आलें. सांगावयाचें तें एवढेंच कीं, आरंभ आपल्या मानापेक्षां खालून करावा.

आरंभापूर्वीं

ज्यांना चालतांना छातींत दुखतें, थोड्या श्रमानें धाप लागते, घेरी येते, रक्तदाब आटोक्यांत नाहीं, अलीकडे हृदयविकाराचा झटका आला आहे, आंत उतरण्याचा विकार आहे, किंवा नुकतीच मोतीबिंदूची अथवा दुसरी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनीं आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मधुमेहाचें औषध घेणाऱ्यांनीं रिकाम्या पोटीं व्यायाम करूं नये. चप्पल घसरती असूं नये, फरशी ओली असूं नये, आणि जवळ धरावयास भिंत किंवा खांब असावा.

श्वास कोंडून ओझें उचलूं नये. त्यानें रक्तदाब एकदम चढतो. उचलतांना श्वास सोडावा, ठेवतांना घ्यावा. सोपी युक्ति अशी कीं, आंकडे मोठ्यानें मोजावे. बोलणाऱ्याचा श्वास कोंडत नाहीं.

लागणारें सामान

पैसे खर्चण्याचें कारण नाहीं. पाण्यानें भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो ओझें. जाड कापडाच्या बळकट बंदांच्या दोन पिशव्या घ्याव्या, आणि अर्धा अर्धा किलो वाळूच्या पुड्या दुकानाच्या कांट्यावर तोलून शिवून ठेवाव्या. पिशवींत पुड्या वाढविल्या कीं ओझें वाढलें. खतांचीं पोतीं उचलून बळ अजमावण्याच्या भरीस मात्र कोणीं पडूं नये. युरियाचें पोतें ४५ किलोचें असतें, आणि आपला आरंभ दोन किलोंपासून आहे.

सहा कामें

आठवड्यांतून तीन दिवस, एक दिवसाआड, हा क्रम करावा. आधीं पांच मिनिटें अंगणांत चालून अंग ऊन करावें.

पहिलें काम, ऊठबस. खुर्ची भिंतीस टेकून ठेवावी. प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय फांकतात, म्हणून ती घेऊं नये. पाय खांद्यांइतके दूर ठेवून, छाती थोडी पुढें झुकवून उभें राहावें, आणि मनांत तीन मोजीत सावकाश बसावें. धपकन बसूं नये. बसण्याचें हें सावकाशपणच अर्धें काम आहे. उठवत नसल्यास बैठकीवर घडी केलेली घोंगडी घालून ती उंच करावी, किंवा प्रथम हातांचा आधार घ्यावा. पुढें छातीशीं पिशवी धरून हेंच करावें.

दुसरें काम, भिंतीचा जोर. भिंतीपासून हातभर दूर उभें राहून तळवे छातीच्या उंचीवर टेकावे. अंग फळीसारखें सरळ ठेवून कोंपरांत वांकावें आणि भिंत ढकलून परत यावें. हें सोपें झाल्यावर भिंतीऐवजीं स्वयंपाकाच्या ओट्याची कड, व त्यानंतर त्याहूनहि बुटका पक्का कट्टा घ्यावा. जों जों हात खालीं येतात तों तों अंगाचें ओझें वाढतें.

तिसरें काम, पिशवी ओढणें. डावा हात ओट्यावर टेकून, पाठ सरळ ठेवून खुब्यांतून पुढें झुकावें. उजव्या हातांत पिशवी लोंबती धरून कोंपर मागें नेत ती कमरेपर्यंत ओढावी व सावकाश सोडावी. मग हात बदलावा. खांदे पुढें ओघळून पाठीस बांक येऊं लागला असेल, त्यांस हें विशेष हितकर आहे.

चवथें काम, पायरी. ओसरीच्या एकाच पायरीवर उजवा पाय ठेवून चढावें, दोन्ही पाय वर आणावे, व त्याच क्रमानें उतरावें. आधीं सर्व वेळां उजव्या पायानें, मग तितक्याच वेळां डाव्या पायानें. एक हात भिंतीस असावा.

पांचवें काम, टांचा उचलणें. खुर्चीची पाठ धरून चवड्यांवर उंच व्हावें, क्षणभर थांबावें, आणि हळू टांचा टेकाव्या. ठेंच लागल्यावर सांवरण्यास पोटरीचें बळ लागतें, तें यानें येतें.

सहावें काम, ओझें घेऊन चालणें. गुडघ्याच्या उंचीच्या बाकावर दोन सारख्या पिशव्या ठेवाव्या. पाठ न वांकवितां खुब्यांत व गुडघ्यांत वांकून दोन हातांनीं दोन पिशव्या उचलाव्या, ताठ मानेनें वीस पावलें चालावें, वळून परत यावें, आणि जशा उचलल्या तशाच ठेवाव्या. एकाच हातांत सारें ओझें घेऊं नये. हातांची पकड, पाठ, कंबर व पाय या सर्वांस यांत काम मिळतें. आणि व्यवहारांत याचा उपयोग तर रोजचाच आहे.

शेवटीं तोल. भिंतीजवळ एका पायावर दहा सेकंद उभें राहावें, मग दुसऱ्या पायावर. नंतर फरशीच्या रेषेवर, एका पायाची टांच दुसऱ्याच्या चवड्यास लावीत, दहा पावलें चालावें. हें रोज केलें तरी चालेल.

ओझें केव्हां व किती वाढवावें

पहिले दोन आठवडे प्रत्येक कामाची एकच पाळी करावी, व एका पाळींत आठ वेळां. सहावें काम मात्र जाऊन येण्याची एक फेरी म्हणजे एक पाळी, असें धरावें. तिसऱ्या आठवड्यापासून दोन पाळ्या, मध्यें मिनिट-दोन मिनिटें विसांवा. मग आठांचे दहा, दहाचे बारा वेळां करावे. पाळी संपतांना ‘अजून दोन-तीन वेळां जमलें असतें’ असें वाटावें. दहा-बारा वेळां जमलें असतें असें वाटल्यास ओझें फार हलकें आहे, आणि एकहि वेळ अधिक जमली नसती असें वाटल्यास फार जड आहे.

लागोपाठ दोन दिवस बारा-बारांच्या दोन्ही पाळ्या सुखानें झाल्या कीं ओझें वाढवावें: पिशवींत अर्ध्या किलोची एक पुडी, किंवा भिंतीऐवजीं ओटा. ओझें वाढविल्यावर पुन्हां आठांवर यावें आणि पुन्हां बारांकडे चढावें. या मार्गाचें सारें रहस्य या दोन वाक्यांत आहे. जो सहा महिने त्याच दोन किलोंवर राहतो, त्याचें बळ तेथेंच राहतें. जो उतावीळपणें एकदम दहा किलोंवर जातो, तो गुडघा सुजवून घेतो.

प्रत्येक दिवसाची नोंद वहींत ठेवावी: तारीख, काम, ओझें, वेळां. पीकपाहणी न केलेल्या उताऱ्यावर जसा कोणी भरंवसा ठेवीत नाहीं, तसें नोंद न ठेवलेल्या व्यायामाचें आहे. आपण वाढलों कीं तेथेंच आहों, हें मनास विचारूं नये; वहीस विचारावें.

पहिल्या चार-सहा आठवड्यांत अंग भरलेलें दिसणार नाहीं, पण बळ वाढेल. कारण आरंभीं स्नायु वाढत नाहींत, मज्जातंतु त्यांना नीट जुंपावयास शिकतात. स्नायूंची वाढ त्यामागून येते. व्यायामानंतर दोन-तीन दिवस मांड्या जड वाटल्या तर भिऊं नये. मात्र सांध्यांत टोंचल्यासारखें दुखलें, सूज आली किंवा दुखणें वाढत गेलें, तर तें काम हलकें करावें अथवा थांबवावें. छातींत दुखलें किंवा घेरी आली तर तत्काळ थांबून डॉक्टरांस दाखवावें.

पेरणी-कापणीच्या धांदलींत तीन दिवस जमणार नाहींत, हें आम्ही जाणतों. त्या काळांत आठवड्यांतून एक दिवस जरी नेम पाळला, तरी मिळविलेलें बळ बहुतांशीं टिकतें. अजिबात सोडल्यास मात्र पडीक जमिनींत हरळी माजावी तशी दुर्बलता पुन्हां पसरते.

आहार

नुसत्या खाण्यानें बळ येत नाहीं, हें वरील प्रयोगावरून दिसलेंच आहे. तथापि अन्नावांचून नुसत्या व्यायामानेंहि तें पुरतें येत नाहीं. वृद्धांस शरीराच्या दर किलो वजनामागें रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिन लागतें, असें तज्ज्ञांचें मत आहे. म्हणजे ६० किलो वजनाच्या मनुष्यास ६० ते ७२ ग्रॅम. आपल्या घरचाच हिशेब करूं. २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरींत सुमारें २० ग्रॅम, ७५ ग्रॅम डाळींत १६, अर्धा लिटर दुधांत १६, आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाण्यांत ७. बेरीज ५९, म्हणजे साठाच्या घरांत. खाणाऱ्यांस एका अंड्यांत ६ ग्रॅम अधिक. यांत बाहेरून आणावयाचें कांहीं नाहीं. परंतु पुष्कळ घरांत म्हातारा मनुष्य दांत गेले म्हणून भाकरी चहांत बुडवून खातो, डाळीचें नुसतें वरचें पाणी घेतो, आणि दूध सारें डेअरीस जातें. तेथें हा हिशेब निम्म्यावर येतो. दूध विकावें, पण घरच्या म्हाताऱ्यांचें अर्धा लिटर आधीं काढून ठेवावें. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीं मात्र प्रथिन वाढविण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें.

घरांतील बायांविषयीं

हें सर्व पुरुषांसाठींच आहे असा समज कोणीं करून घेऊं नये. बायांचे स्नायु मुळांतच कमी असतात, आणि विटाळ जाण्याच्या वयानंतर त्यांचीं हाडें झपाट्यानें ठिसूळ होतात. म्हणून खुब्याचें हाड मोडण्याची भीति त्यांना पुरुषांहून अधिक. जिनें जन्मभर डोईवर हंडे वाहिले, तिला ‘आतां बस, सून आहे,’ असें म्हणून आपण कौतुकानें बसवितों, आणि दहा वर्षांनीं ती बसली ती उठत नाहीं. लाज वाटत असेल तर घराच्या आंत करावें. पण नवऱ्यानें बायकोस बरोबर घेऊनच हा नेम धरावा. दोघांची वही एक असली म्हणजे नेम चुकत नाहीं, हाहि आमचा अनुभव आहे.

उपसंहार

जमिनीचा कस उतरला तर आपण तिला टाकीत नाहीं. शेणखत घालतों, बेवड पाळतों, आणि दोन-तीन सालांत ती पुन्हां देऊं लागते. शरीराचें तसेंच आहे, फक्त त्याची मुदत सालांची नसून महिन्यांची आहे. कोणास साठीनंतर आखाडा मारावयाचा नाहीं. नातवास उचलून घेणें, बसच्या पायरीवर दुसऱ्याच्या हाताविना चढणें, रात्रीं न्हाणींत घसरतां घसरतां सांवरणें, आणि आपल्या पायांनीं बांधावर जाऊन आपल्या डोळ्यांनीं आपलें पीक पाहणें, एवढेंच मागणें आहे. आणि तें खुर्चीवरून आठ वेळां उठण्यानें सुरू होतें.

वाचकांनीं हा अंक मिटून ठेवण्यापूर्वीं ती पांच वेळांची परीक्षा करावी, व आलेला आंकडा मासिकाच्या याच पानाच्या समासांत लिहावा. तीन महिन्यांनीं तेंच पान पुन्हां उघडावें. सुज्ञांस अधिक सांगणें न लगे.